टेम्पोतून उतरेनात कोंडाजी

अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात एक रीत होती आणि ती मोडायची कोणाची छाती नव्हती. माणूस निवृत्त झाला की त्याला शाल, नारळ आणि इंग्रजीतलं मानपत्र द्यायचं, मग सजवलेल्या टेम्पोत बसवून बेंजोच्या तालावर घरी पोचवायचं. दारात घरच्यांनी ओवाळायचं, त्यानं उंबरा ओलांडायचा, मगच मंडळींच्या हातात जिलेबी पडायची. मानपत्र इंग्रजीत का, म्हणून विचारू नका. वजन पडतं म्हणे.

कोंडाजींचं मानपत्र लिहिलं त्यांच्या सुनेनं, मनालीनं. लग्न होऊन ती बदलापूरला, शिरगावच्या घरात आली त्याला वर्ष होत आलं होतं. इंग्रजी घेऊन बीए झालेली पोर. पुढच्या खोलीत मुलांच्या शिकवण्या घ्याव्यात असं तिच्या फार मनात होतं. फळासुद्धा आणून कॉटखाली सरकवून ठेवला होता. पण कोंडाजी ऐकतील तर शपथ! "घरात कालवा नको," एवढं बोलून त्यांनी विषय संपवला होता.

त्यात कोंडाजींचा स्वतःच्या इंग्रजीवर भारी विश्वास. जन्म गेला होता गोदामात डब्यांवर लाल रंगानं इंग्रजी अक्षरं काढण्यात. सलग वाचायचं म्हटलं तर बोंब, पण परत आलेल्या मालावर 'इनकम्प्लीट', 'इनकरेक्ट' लिहून लिहून त्यांनी एक कायदा काढला होता. इन लागलं की माल बाद. या कायद्याला अपील नव्हतं.

मनालीनं जीव ओतून मानपत्र लिहिलं. सासरे खूश झाले तर खोली मिळेल, ही आशा होतीच, खोटं कशाला बोला. तिच्या नवऱ्यानं, प्रमोदनं, ते उल्हासनगरहून झकास फ्रेम करून आणलं. सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, एकदम फर्स्टक्लास!"

निरोप समारंभाच्या दिवशी संध्याकाळी बेंजो दणाणत आला. गल्ली गोळा झाली. सासूबाई, म्हणजे बनूबाई, ताट घेऊन दारात उभ्या. टेम्पो थांबला, मागून मंडळी उतरली, प्रमोद उतरला. कोंडाजी मात्र पुढच्या सीटवर शाल घट्ट ओढून तसेच बसलेले.

"उतरा की हो," बनूबाई म्हणाल्या.

"नाही उतरत."

बेंजोवाला गोंधळून थांबला. प्रमोद मनालीच्या कानाशी आला. "तुझ्या इंग्रजीनं घात केला बघ. साहेबांनी मानपत्र वाचलं, टाळ्या पडल्या, आणि बाबांनी तोंड पाडलं ते पाडलंच."

मनालीला वाटलं, खोली तर गेलीच, वर सासऱ्यांच्या आनंदावर आपण पाणी ओतलं! ती टेम्पोपाशी गेली. "बाबा, काय चुकलं माझं?"

"मला इनव्हॅल्युएबल म्हणालीस. सगळ्या कॅन्टीनसमोर!" कोंडाजींचा आवाज चिरकला. "व्हॅल्यू म्हणजे किंमत, एवढं कळतं मला. त्याला इन लावलंस. उभा जन्म राबलो आणि शेवटी बाद माल! वर लोक टाळ्या वाजवतात."

"अहो बाबा, तसं नाही! डिक्शनरी आणून दाखवू?"

"पुस्तकं तुझी. ती तुझ्याच बाजूनं बोलणार."

आता झाली का पंचाईत! जिलेबी गार होत होती. मनाली रडकुंडीला आली, आणि तेवढ्यात तिची नजर दाराशेजारच्या तुळशीकडे गेली. तुळस लावलेली कारखान्यातल्या जुन्या डब्यात. डब्यावर लाल, ठसठशीत अक्षरं.

"बाबा, त्या डब्यावर कोणी लिहिलंय?"

"मीच. दुसऱ्या कोणाचं अक्षर इतकं सरळ येतंय?"

"काय लिहिलंय?"

"इनफ्लेमेबल. थिनरचा डबा होता तो."

"म्हणजे?"

"म्हणजे पेटतं! भसकन पेटतं. हा हिंदुराव एकदा त्या डब्यांपाशी विडी काढून बसला होता, असा झापला होता मी त्याला!" मागं उभ्या असलेल्या हिंदुरावांनी, त्यांच्या जुन्या जोडीदारानं, मान खाली घातली.

"आणि फ्लेम म्हणजे?"

"जाळ."

"मग त्याला इन लागलंय की. तुमच्या कायद्यानं जाळ बाद. सांगू का हिंदुरावकाकांना, बसा तिथं खुशाल विडी ओढत?"

"वेड लागलं का तुला!" कोंडाजी ओरडले, आणि ओरडता ओरडताच वाकून डब्याकडे बघत राहिले. एवढी वर्षं तो शब्द स्वतःच्या हातानं लिहिला, पण कधी फोडून बघितला नव्हता.

मग हळूच म्हणाले, "म्हणजे मी... पेटणारा?"

"ते सांगायला मानपत्र कशाला पाहिजे?" बनूबाई म्हणाल्या. सगळी गल्ली खो खो हसली.

मनालीही हसली, डोळे पुसत. "बाबा, आपण अनमोल म्हणतो ना? ज्याचं मोल करणं कोणाच्या आवाक्यात नाही, असं. तेच लिहिलंय मी."

"अनमोल?"

"हो."

"सगळ्यांसमोर वाचलं ते?"

"सगळ्यांसमोर."

कोंडाजींनी शालीच्या टोकानं नाक पुसलं. "मग मराठीत लिहायला काय धाड भरली होती?"

"रीत तुमच्या कारखान्याची!"

कोंडाजी उतरले. बेंजोवाल्यानं असा काही सूर लावला की विचारू नका. बनूबाईंनी ओवाळलं, कोंडाजींनी उंबरा ओलांडला, जिलेबीवर मंडळी तुटून पडली.

प्रमोद फ्रेम घेऊन पुढच्या खोलीतल्या मधल्या खिळ्याकडे गेला, तसे कोंडाजी म्हणाले, "तिथं नको. कोपऱ्यात लाव. मधे मनालीचा फळा येईल."

वर्षभरात त्यांनी पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं होतं. मनाली फळा काढायला कॉटखाली वाकली.

"आणि ऐक," कोंडाजी जरा दरडावूनच म्हणाले, "शिकवणीला पुढची जागा माझी. त्या शब्दाच्या खाली अजून तीन ओळी आहेत. त्या मला माझ्या मी वाचायच्यात."