झुंबरबाईचा हात

चोपड्याच्या बाजारात रक्तबांधे महाराजांभोवती एवढी गर्दी, की मागच्यांनी पोरं खांद्यावर घेतली होती. महाराजांनी भाईदास नावाच्या चेल्याच्या तळहातावर ब्लेड ओढलं. रक्त टपकायला लागलं. त्यांनी वर भगवं फडकं गुंडाळलं, हात गच्च धरून उंच केला आणि मंत्र सुरू केला. मंत्र चांगलाच लांबला. फडकं सोडलं, तर रक्त थांबलेलं.

"बंध पडना," महाराज म्हणाले. "पन कोनले लागनं तर मी येस तोवर जखमले कोनी शिवानं नही. हात लागना का बंध तुटना."

लोकांनी हात जोडले. माझं मात्र डोकं फिरलं.

याच नियमाने आमच्या गावचा नवल गेला. केळीचा घड कापताना कोयता निसटून पोटरीत घुसला. त्याची आई झुंबरबाई धावली, पदराचा बोळा करून जखम दाबून बसली. रक्त कमी होऊ लागलं होतं. तेवढ्यात दोन शहाण्यांनी तिला ओढून बाजूला केलं. "शिवू नको माय, बंध तुटी." ट्रॅक्टर उभा होता, दवाखाना जवळ होता, आणि अख्खा गाव महाराजांच्या मोटारसायकलीची वाट बघत होता. महाराज आले तोवर नवल संपला होता. ते काय म्हणाले? "कोनीतरी शिवेल शे, जखमले हात लागेल शे." त्या दिवसापासून गाव झुंबरबाईला पोर खाल्लेली बाई म्हणतं.

आज नवलची बायको पुनम सासूचा हात धरून पुढे आली. नवलनंतर ती जळगावला जाऊन प्रथमोपचार शिकली होती. खांद्याला पट्ट्यांची पिशवी होती.

"महाराज, आता दुसऱ्या हातावर करा. पण फडकं नको, हात लावू नका. नुसता मंत्र."

महाराज कुरकुरले, पण लोकांना गंमत हवी होती. भाईदासने दुसरा हात पुढे केला. मंत्र संपला, रक्त चालूच. मंत्र पुन्हा झाला, जरा मोठ्याने. रक्ताला ऐकू येत नसावं.

"गर्दीमा कोनी विटाळशी बाई शे," महाराज गुरगुरले.

"असेल," पुनम म्हणाली. तिने पिशवीतलं गॉज काढलं, जखमेवर ठेवलं आणि तळव्याने दाबून धरलं. मधे एकदाही उचलून बघितलं नाही. तोंडाने एक अक्षर नाही. बऱ्याच वेळाने तिने हात काढला. रक्त थांबलं होतं.

मग तिने भगवं फडकं उलगडलं. आत कापसाची जाड घडी शिवलेली होती.

"महाराज हेच दाबून धरतात. मंत्र लांब असतो, कारण दाबायला वेळ लागतो. आईंनी तेव्हा अगदी बरोबर केलं होतं."

दोषातून सुटका झाली, आता म्हातारी मोकळी होईल, असं मला वाटलं. झुंबरबाई स्वतःच्या हाताकडे बघत होती.

"मंग मी हात काढा कसाले?" ती म्हणाली. "त्यासनी वढं तरी सोडाले नको व्हतं."

पुनमने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

म्हणून तुम्हाला सांगतो. ट्रॅक्टरवर गॉज आणि पट्ट्यांची पिशवी ठेवा. रक्त वाहिलं तर स्वच्छ कापड जोरात दाबा, सोडू नका, १०८ ला फोन लावा. आणि कुणाची आई जखम दाबून बसली असेल, तर तिला मागे ओढू नका.