कपाळावरची बातमी

माह्या बाच्या कपाळावर कुंकू लागलं अन् माही सोयरीक मोडली. आता ऐकणाऱ्याले हसू येते, पण मले तवा विहिरीत उडी घ्यावी वाटे. तीबी कुठं घेऊ? आमच्या मोहल्ल्याले विहीरच नव्हती.

त्या विहिरीपायीच तर बा सभेत गेलता. निवडणुकीचे दिवस होते. भैयालालकाका म्हणाले, "डोमाजी, किरनापुरात नेता येऊन राह्यला. तू मंचावर बस अन् विहीर माग." काका जातीनं वेगळे, पण बाचे लहानपणापासूनचे दोस्त. गावात गॅसबत्ती त्यायच्याच घरी. मी रांगत होते तवापासून म्हणत, "सत्यभामेच्या लग्नात बत्ती माही."

मंचावर काकाच सगळ्यायले टिळा लावत होते. लावता लावता बापाशी आले. आमी बौद्ध, बा टिळा लावत नाही. पण चार लोकांत दोस्ताचा हात कसा झटकावा? बा गप बसला. तेवढ्यात फोटो निघाला.

दोन दिवसांनी त्या नेत्याच्या पक्षाच्या पेपरात तोच फोटो. बाचं कपाळ अन् काकाचा नुसता हात. खाली हिंदीत छापलं, 'डोमाजी समेत पचास परिवार पुराने धर्म में लौटे.' आमच्या मोहल्ल्यात वीस घरं नाहीत, पन्नास कुठून आणले मुडद्यायनं? अन् विहिरीचं नाव नाही!

पेपर आमगावले पोचला. माहे होणारे सासरे, टिकाराम, स्वतः आले. पाण्याले हात लावला नाही. म्हणाले, "दीक्षा सोडली त्या घरची सून आमाले नको." बानं आण घेतली, पण ऐकते कोण? छापलेलं खरं अन् समोर बसलेला माणूस खोटा!

मग बालाघाटहून प्रेमलाल आला. आपल्याच समाजाचा पोरगा, आपल्या पक्षाच्या पेपरात लिहे. बानं त्याले जसं झालं तसं सांगितलं. त्यानं लिहून घेतलं, चहा पेला, गेला. आमी म्हटलं, सुटलो बापा.

पेपर आला तो मीच वाचून दाखवला. 'भैयालाल ने डोमाजी को रस्सी से बँधवाकर जबरन टीका लगाया.'

"रस्सी?" बा म्हणाला. "कोणती रस्सी?"

तसाच सायकलनं बालाघाटले गेला. आला तो ओट्यावर बसला. माह्यासमोरच मायले म्हणाला, "प्रेमलाल म्हणते, डोमाजीकाका, दोस्तानं मायेनं टिळा लावला असं छापलं, तर टिकाराम मानन का? पोरीचं लगन पाहिजे का नाही, ते सांगा. तुमी म्हणाल तर उद्या खोडतो."

बा माह्याकडे पाहू लागला. मी चुलीत लाकूड सारलं. खोडा म्हटलं नाही, नका खोडू असंबी म्हटलं नाही. बाले तेवढंच पुरलं.

तो पेपर आमगावले गेला अन् टिकाराम रडत आले. "इवाई, तुमी लय सोसलं," म्हणून बाच्या गळ्यात पडले. लग्नाची तारीख ठरली. इकडे पोलिसांनी काकाले ठाण्यात नेऊन बसवलं. त्यायची बायको मैनाबाई आमच्या दारात आली. "भाऊ, एक डाव ठाण्यात चला. रस्सी नव्हती, एवढंच सांगा." बा म्हणाला, "हौ, येतो." गेला नाही. काका सुटले ते कोणाच्या तरी जमानतीवर.

लग्नाच्या दिवशी वरात उशिरा पोचली. मांडवात अंधार पडत चालला, कंदिलांत काही दिसेना. तेवढ्यात काका आले, खांद्यावर गॅसबत्ती घेऊन. खाली बसून पंप मारू लागले. आमच्या मोहल्ल्यातले लोक बाजूले सरकले.

टिकारामनं काकाचं तोंड कधी पाह्यलं नव्हतं. त्यायनं बाले विचारलं, "हे कोण?"

बाचे ओठ हालले. मले वाटलं, आता तरी सांगन.

"बत्तीवाला आहे," बा म्हणाला.

काकाचा हात पंपावर थांबला. मग त्यायनं पुन्हा पंप मारला. "हौ पाहुणे," ते म्हणाले, "बत्तीवालाच." बत्ती लख्ख पेटली, ती त्यायनं बांबूले टांगली अन् मले विचारलं, "पोरी, उजेड डोळ्यावर येऊन राह्यला का? सरकवू?"

मी मान वर केली नाही.