वीतभर आखूड

मावशीकडे खोट काढण्याचं काम आलं होतं, आणि तेही बिनपगारी. भाचीची कायद्याच्या विषयाची परीक्षा तोंडावर आली होती. न्यायव्यवस्थेतल्या कोणत्याही दोन सुधारणा निवडा आणि त्यांनी लोकांचं कितपत भलं झालं ते लिहा, असा एक मोठा प्रश्न ठरलेलाच असे. नुसतं गुणगान केलंत तर निम्मेच गुण, असं बाईंनी वर्गात बजावलं होतं. सुधारणेतली खोटही दाखवता आली पाहिजे. आता खोट काढायला मावशीपेक्षा लायक माणूस अख्ख्या घराण्यात नव्हता. त्यातून ती शिवणकाम करणारी. दुसऱ्याच्या शिलाईतला वाकडा टाका तिला रस्त्यापलीकडून दिसे.

रस्त्यापलीकडचं दिसे, हीच तर पीडा झाली होती. टेबलावर डाग पडला म्हणून समोरच्या फर्निचरवाल्याने आपल्या म्हाताऱ्या पॉलिशवाल्याचा हात फळी मारून मोडला, ते मावशीने मशीनवर बसल्या बसल्या पाहिलं आणि रागाच्या भरात पोलिसांना सांगूनही टाकलं. राग ओसरला, पण साक्षीचं बोलावणं आलंच. तेव्हापासून फर्निचरवाला रोज तिच्या दुकानाच्या दारात थांबे आणि हसून विचारी, "काय मावशी, तब्येत बरी आहे ना?" बस, एवढंच. यात धमकी कुठे आहे ते कोणाला दाखवता आलं नसतं, पण तो गेल्यावर मावशीला सुईत दोरा ओवता येत नसे.

अशा माणसासमोर उभं राहून बोलायचं? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे काही उगीच म्हणत नाहीत. नीट दिसलं नाही म्हणून सांगायचं आणि मोकळं व्हायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. तिच्याशिवाय पाहणारं दुसरं कोणी नव्हतं, हेही तिला ठाऊक होतं. त्यामुळे ती दिवसभर स्वतःवर चिडायची आणि राग मात्र कात्रीवर काढायची. घरात तो विषय निघाला की उठून चहा ठेवायची.

त्या संध्याकाळी भाची पुस्तक घेऊन शेजारी बसली. पोरगी सुधारणा निवडत होती ती मेथी निवडावी तशी, आणि जिच्यात पाठ करायच्या तारखा कमी ती चांगली, असा तिचा साधासरळ न्याय होता. आधी तिने तडजोडीने वाद मिटवण्याची सोय वाचून दाखवली. मावशीने मान वर न करता सांगितलं, की तिथेही ज्याचा आवाज मोठा त्याचीच तडजोड होणार. मग घरबसल्या अर्ज करण्याची सोय आली. फोन म्हणजे कानाला लावायची वस्तू एवढंच ज्याला ठाऊक, त्याने काय करायचं, असं मावशीने विचारलं. भाची भलतीच खूश झाली. तडजोड पक्की केली आणि दुसरीच्या शोधात पान उलटलं.

घाबरलेल्या साक्षीदाराला आरोपीचा चेहरा दिसू नये म्हणून मध्ये पडदा लावता येतो, शेजारी आपलं माणूस बसवता येतं, असं त्या पानावर होतं. भाचीने वाचलं आणि पेन सरसावून ती थांबली. पण खोट काही येईना. मशीनसुद्धा थांबलं होतं.

"हे खरंच असतं," मावशीने विचारलं, "की फक्त परीक्षेपुरतं?"

आता कुठे पोरीच्या डोक्यात प्रकाश पडला. थाप मारणं सोपं होतं, पण तिने ती मारली नाही. "पुस्तकात आहे," ती म्हणाली. "पण आपणहून मागावं लागतं. इथे देतात का, ते खरंच माहीत नाही."

"मग कसली गं तू वकीलबाई? उद्या चल विचारायला."

कोर्टातल्या कारकुनाने फायलींतून डोकं वर काढून ऐकलं. असलं काही कोणी मागत नाही, म्हणाला. कोणाला माहीतच नसेल तर मागणार कसं, असं भाचीने विचारलं, तेव्हा त्याने डोकं खाजवलं आणि दोघींना सरकारी वकीलबाईंकडे पाठवलं. वकीलबाईंनी अर्ज केला, न्यायाधीशांनी तो मंजूर केला, आणि पडदा एका कपाटामागे, बंद पडलेल्या पंख्याखाली सापडला.

साक्षीच्या दिवशी मावशी साक्षीदाराच्या खुर्चीत बसली. भाची तिला खेटून बसली होती. मध्ये तो हिरवा पडदा, पलीकडे फर्निचरवाला. चेहरा दिसत नव्हता, खरं आहे. पण मावशीची नजर सवयीने कापडाच्या काठावर गेली आणि तिथेच अडकली. पडदा वीतभर आखूड होता. खालून त्याचे चकचकीत बूट दिसत होते.

'नीट दिसलं नाही' हे शब्द अगदी ओठांवर आले. एवढ्यात तिला दिसलं, की उजवा बूट थरथरतोय. थांबायचा, पुन्हा थरथरायचा. नव्या गिऱ्हाइकाचं माप घेताना असा पाय तिने खूपदा पाहिला होता. असा माणूस घाबरलेला असतो, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

"दिसलं," मावशी म्हणाली. "सगळं दिसलं. सांगते."

त्याच्या वकिलाने पुष्कळ उलटसुलट विचारलं, पण मावशीचा एक टाका उसवला नाही. बाहेर आल्यावर तिला रडू कोसळलं आणि आपण रडतोय याचं हसूही आलं. निकाल अजून लांब होता. पॉलिशवाला व्हरांड्यात उभा होता. त्याने वाकडा झालेला हात कसाबसा छातीपर्यंत नेला. मावशीला त्याच्या नजरेला नजर देता आली, यातच ती भरून पावली.

भाचीने परीक्षेत दुसरी सुधारणा म्हणून पडदाच निवडला. त्याच्या उणिवा दोन लिहिल्या: एक, असा पडदा असतो हे कोणी सांगत नाही, दोन, तो आखूड आहे. पेपर तपासणारे दुसरी खोट हसण्यावारी नेतील, अशी तिला धास्ती होती.

त्याच दुपारी मावशी हिरव्या कापडाची रुंद पट्टी आणि सुईदोरा घेऊन कारकुनासमोर उभी राहिली. पडदा तर लागला, तुमचं काम झालं, आता हे कशाला, असं त्याने विचारलं.

"माझ्या वेळी त्याचा पाय थरथरत होता म्हणून निभावलं," मावशी म्हणाली. "पुढच्या साक्षीदाराच्या वेळी नाही थरथरला तर?"

कारकुनाने टेबलावरच्या फायली उचलल्या आणि तिला जागा करून दिली.