मेहुण्याचं कार्ड

"पुरे, थांब आता," असं माणसाने सांगितलं असतं तर दाजींनी त्याला चार शिव्या हासडल्या असत्या. पण सांगायचं ट्रकमधलं यंत्र. ड्रायव्हरने त्यात आपलं कार्ड सरकवायचं. ठरलेले तास भरले की ते मेलं असं किंचाळायचं की जीव नकोसा करून सोडी. मग दुसऱ्याचं कार्ड, दुसऱ्याची पाळी.

दुसरा म्हणजे दाजींच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. तो दाजी म्हणायचा, म्हणून सगळे ट्रकवालेच दाजी म्हणू लागले.

गेल्या वर्षी त्याची पाळी आली तेव्हा दाजींनी त्याला उठवलंच नाही. छातीत जळजळतंय म्हणत होता, झोपू दे बिचाऱ्याला. त्याचं कार्ड घातलं आणि स्वतःच रेटत राहिले. माल उतरवायच्या जागी पोचून सीटमागच्या झोपायच्या जागेचा पडदा सरकवला, तर मेहुणा गार पडलेला. डॉक्टर म्हणाले, जाऊन बराच वेळ झालाय. यंत्राच्या हिशेबी मात्र तेव्हा तोच गाडी चालवत होता! उठवलं असतं तर दुखणं कळलं असतं, वाटेत दवाखानाही होता. बायकोला हे सांगायची दाजींची अजून छाती झालेली नव्हती.

आणि आज मालकाने तेच कार्ड त्यांच्या खिशात कोंबलं. "अजून चालतंय. तुमचे तास भरले की घाला. मेलेला थोडाच तक्रार करतोय?" काय म्हणावं या माणसाला! पण नाही म्हटलं तर गाडी दुसऱ्याच्या हाती जाणार होती.

रणरणती दुपार, सरळसोट रस्ता. यंत्र किंचाळलं. दाजींनी कडेला थांबून कार्ड बदललं. स्क्रीनवर मेहुण्याचं नाव उमटलं, तिकडे न बघता ते निघाले. डोळ्यांवर झापड येत होती. तोंडावर पाणी मारलं, मांडीला चिमटे काढले, कशाचा म्हणून उपयोग नाही.

"दाजी! अहो दाजी! माझी पाळी ना? उठवा की मला!"

पडद्यामागून आलेल्या हाकेने दाजींचे मिटलेले डोळे खाडकन उघडले आणि करकचून ब्रेक लागला. पुढचा टँकर हातभर अंतरावर होता.

दाजींनी गाडी कडेला घेतली, पडदा ओढला. रिकामी गादी, घडी घातलेली चादर. उशीला मात्र डोक्याचा ताजा खळगा पडलेला होता.

दाजी ढसाढसा रडले. "चुकलं रे बाबा माझं." कार्ड काढून त्यांनी त्या उशीवर ठेवलं.

मालकाचा फोन आला. "गाडी का थांबलीय?"

"मेहुण्याला उठवायला थांबलोय," दाजी म्हणाले.

मग त्यांनी बायकोचा नंबर लावला.