सचिवसाहेब आणि अर्धी वाक्यं

आधीच सांगून ठेवते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझी कवळी चारचौघांत, हसता हसता पडो. कवळी नवी आहे, तेव्हा शपथ हलकी समजू नका.

एक टिपणबाई होती. तिला सगळे हेच म्हणायचे, घरी नवरासुद्धा. ती सभागृहात शॉर्टहँड लिहायची. सभागृह म्हणजे जिथे कायदे होतात आणि बाकं बडवली जातात, ते. अध्यक्षांच्या उंच खुर्चीखाली, सगळ्यांच्या बरोबर मधोमध, एक बुटकं टेबल होतं. त्या टेबलाशी बसणाऱ्याला कान दोन आणि तोंड शून्य. हसायचं नाही, मान हलवायची नाही, कुणी कितीही अक्कल पाजळली तरी भुवई उचलायची नाही. टिपणबाई सगळ्या नोकरीत एकदाच शिंकली होती, ती नेमकी अर्थमंत्र्यांच्या भाषणात, आणि विरोधकांनी बाकं बडवून त्या शिंकेला जाहीर पाठिंबा दिला होता.

लिहायची पाळी दहा मिनिटांची. दहा मिनिटं होत आली की पुढचा माणूस पाय न वाजवता यायचा, बसता बसता लिहायला लागायचा. आधीचा उठता उठता लिहीत राहायचा. बोलणारा काही थांबत नाही, त्याला काय पडलंय? त्या उठाबशीत दोघांचीही अक्षरं शेवाळावर पाय पडल्यासारखी घसरायची. चार शब्द हिच्याकडे, दोन त्याच्याकडे, एखादा हवेतच. मग वरच्या टायपिंगच्या खोलीत दोघं डोक्याला डोकं लावून बसायची. माझं इथे संपलं, तुझं कुठून सुरू, असं करत करत सांधा जुळवायची. ध्वनिमुद्रणाचं यंत्र होतं म्हणा, पण सभागृहात आरडाओरडा झाला की त्याला नुसता आरडाओरडाच ऐकू यायचा. सदस्यांना वाटायचं, आपण काय अखंड बोलतो. अखंड कुणीच बोलत नाही बरं का. ते त्या खोलीत गेल्यावर अखंड व्हायचं.

टिपणबाईच्या नंतरची पाळी असायची लंबूची. लंबू इतका उंच की त्या बुटक्या टेबलाखाली पाय घालायला त्याला ते तिरके दुमडावे लागायचे. पण सांधा जुळवावा तर त्यानेच.

आता दुखणं सांगते. टिपणबाईचा उजवा अंगठा. दहा मिनिटं तो शहाण्यासारखा चालायचा, नंतर रेड्यासारखा अडून बसायचा. वाकवला तर उघडायचा नाही, उघडला तर वाकायचा नाही. आणि ती दहा मिनिटं काही आभाळातून पडलेली नव्हती. पूर्वी पाळी अर्ध्या तासाची होती. लिहिणाऱ्यांच्या संघटनेने आधीच्या सचिवांसमोर बसून, घासाघीस करून, रुसून, उठून जाऊन, परत येऊन ती दहावर आणली होती.

त्या दहा मिनिटांवरच घाव आला. सरकारने विधेयक मांडलं. सरकारी नोकरांनी गोळा होऊन वाटाघाटी करायच्या नाहीत. शिक्षक असो, नर्स असो, रस्ता झाडणारा असो, ज्याचं गाऱ्हाणं त्याने एकट्याने न्यायचं. आणि नवे सचिव आधीच बोलून बसले होते, की कायदा झाला की पाळी पुन्हा अर्ध्या तासाची आणि निम्मी माणसं दुसरीकडे. अर्धा तास म्हणजे टिपणबाई घरी. पेन्शनला अजून पुष्कळ अवकाश होता. आणि गंमत बघा, या विधेयकावरची चर्चा लिहायची कुणी? तिनेच. आपल्याच गळ्याचं माप आपल्याच हाताने टिपून द्यायचं.

चर्चा तीन दिवस चालली. कामगारमंत्री बोलायला चांगला होता. म्हणाला, संप झाला की शाळेला कुलूप लागतं आणि पोर घरी बसतं ते गरिबाचं, श्रीमंताचं पोर दुसऱ्या शाळेत शिकत असतं. दवाखान्याच्या संपात म्हातारी माणसं जिन्यात बसून राहिली, ती मी पाहिली आहेत, म्हणाला. टिपणबाई लिहिता लिहिता मनात म्हणाली, हे मेल्याचं खरं आहे. तिची सासूच त्या जिन्यात बसली होती. विरोधी पक्षनेता उठला आणि म्हणाला, एकट्या नर्सने मोठ्या साहेबाच्या दारात जाऊन काय मागायचं? साहेब म्हणेल उद्या ये, आणि तो उद्या काही उजाडत नाही. तेही खरंच. फक्त हा गृहस्थ स्वतः मंत्री होता तेव्हा त्यानेच संपवाल्यांना पोलिसांकडून उचलून नेलं होतं. ते भाषणही टिपणबाईनेच लिहिलं होतं. पण तोंड शून्य. ती लिहीत राहिली.

सचिवांचं आता सांगते. सचिव म्हणजे सभागृहाच्या कचेरीचे मुख्य, आणि टिपणबाईचे व्याही. तिची लेक त्यांच्या घरात दिलेली. कचेरीत ते तिला नुसतं "बाई" म्हणायचे, काम अडलं की "विहीणबाई" व्हायची. त्या आठवड्यात त्यांनी तिला पोर्चमध्ये गाठलं आणि अगदी हळू आवाजात विहीणबाई म्हटलं, तेव्हाच ती ओळखून चुकली, की काहीतरी शिजतंय. त्यांचं म्हणणं असं, की ग्रंथालयात एक जागा रिकामी होतेय. बसून काम, अंगठ्याला त्रास नाही. फक्त तिने एकटीने अर्ज द्यायचा, आणि संघटनेच्या निषेधाच्या कागदावर सही करायची नाही. घरचंच माणूस आहे, बघून घेऊ आपण दोघं.

मोह झाला हो तिला. का होऊ नये? घरी नवरा म्हणाला, घे की, लंबू काय जन्माला पुरणार आहे? लेकीचा फोन आला. तिचं रडगाणं वेगळंच. आई, तू नाही म्हणालीस तर मला सासऱ्यांसमोर रोज ताट घेऊन बसायचंय, एवढं लक्षात ठेव. टिपणबाईने दोघांना होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. अर्ज मात्र लिहून पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी सचिवांनीच घाई केली. मंत्र्याला खूश करायचं होतं. कायदा व्हायच्या आधीच त्यांनी टायपिंगच्या खोलीच्या दारावर हुकूम डकवला. लिहिणाऱ्यांनी एकमेकांशेजारी घोळका करून बसू नये, आपापसात बोलू नये, ज्याने त्याने आपला मजकूर एकट्याने टाइप करून द्यावा. बिचाऱ्यांनी कधीतरी काचेतून आत पाहिलं असणार. दोन डोकी जवळ, कुजबुज चाललेली. त्यांना वाटलं, संपाची खलबतं. ती सांधे जुळवताहेत, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तीस वर्षं छापलेली भाषणं वाचणाऱ्या माणसाला वाटत होतं, की भाषण छापखान्यात आपोआप एकसंध होतं.

खोलीत सगळ्यांनी हुकूम वाचला. कुणी काही बोललं नाही, कारण बोलायचं नाही असंच तर लिहिलं होतं. खुर्च्या लांब लांब ओढल्या. ज्याने त्याने आपलं आपलं टाइप केलं. उठाबशीतले अर्धवट शब्द प्रत्येकाने सोडून दिले, समोरच्याकडे असतील म्हणून. समोरचाही तेच म्हणाला.

नेमकं त्या दिवशी मंत्र्याचं मोठं भाषण होतं, आणि टिपणबाई उठून लंबू बसला तो त्यातल्या सर्वांत रंगलेल्या वाक्यावर. मंत्री म्हणाला होता, "मी छातीठोकपणे सांगतो की विरोधक जनतेची दिशाभूल करताहेत, ते म्हणतात, हा हक्क राज्याचा कणा आहे." टिपणबाईचं "मी छातीठोकपणे सांगतो की" इथे संपलं. लंबूचं "हा हक्क राज्याचा कणा आहे" इथून सुरू झालं. मधले शब्द त्या उठाबशीत दोघांपैकी कुणालाच धड टिपता आले नाहीत. सकाळी प्रत्येक बाकावर छापील प्रत गेली. तिच्यात मंत्री छातीठोकपणे सांगत होता, की हा हक्क राज्याचा कणा आहे.

विरोधी पक्षनेत्याने ते वाक्य वाचून दाखवलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि मंत्र्यांचं मनापासून अभिनंदन केलं. बाकं इतकी बडवली गेली की एकाचा कप्पा निखळला. मंत्री लाल झाला. म्हणाला, मी असं बोललोच नाही. अध्यक्ष म्हणाले, छापलेलं तेच बोललेलं, असा या सभागृहाचा नियम आहे. दुरुस्ती हवी असेल तर दोघा लिहिणाऱ्यांनी मिळून खातरजमा करून द्यावी. तोवर मतदान थांबलं. यंत्रात तर त्या वाक्यावर नुसती बाकंच वाजत होती.

सचिव धावत वर आले. पण हुकूम त्यांचाच, तोही दारावर, त्यांच्या सहीचा. मंत्र्यासमोर तो फाडायचा कसा? तेव्हा त्यांनी डोकं चालवलं. टिपणबाईला एका खोलीत बसवलं, लंबूला जिना उतरून खालच्या खोलीत, आणि सांधा जुळवायचं काम स्वतःकडे घेतलं.

ती दुपार बघायला हवी होती. सचिव टिपणबाईकडून अर्धं वाक्य ऐकायचे, ते ओठांवर पुटपुटत जिना उतरायचे, वाटेत कुणी नमस्कार केला की वाक्य सांडायचं, की पुन्हा वर. लंबूचं अर्धं घेऊन वर यायचे तोवर ते पाऊण व्हायचं, त्यात स्वतःची भर पडायची. आणि सांधा काही एकच नव्हता. सबंध दिवसाच्या भाषणांचे सांधे, माणूस एक, जिना उभा. तिसऱ्या प्रहरी ते टिपणबाईसमोर येऊन उभे राहिले ते कोट काढून, टाय खिशात कोंबून, आणि त्यांना आठवेना, की तोंडात आहे ते वाक्य वरचं की खालचं.

खुर्चीत बसून म्हणाले, "विहीणबाई, घरच्या घरी मिटवू या. तुम्ही आणि मी."

टिपणबाई म्हणाली, "लेकीच्या लग्नाच्या बोलणीला तुम्ही नऊ माणसं घेऊन आला होतात. तुमचे मेहुणे धरून. मी म्हटलं का, एकेकटे आत या?"

"ती गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? आमचे हे बाहेरगावी, मी एकटी होते, म्हणून तुमच्या मेहुण्यांनी माझ्याकडून सगळं कबूल करून घेतलं. मग माझे भाऊ आले, तेव्हा कुठे तुम्ही लोक खुर्चीत नीट बसलात."

खरं होतं ते.

ती पुढे म्हणाली, की बसतो आम्ही एकत्र, आत्ता बसतो, मंत्र्याचं भाषण तासाभरात सरळ करून देतो. पण एकत्र बसलो म्हणजे तोंडं उघडणार, आणि उघडली की पहिली गोष्ट दहा मिनिटांचीच निघणार. ती ऐकायला तुम्ही पण खुर्ची ओढा.

पर्समधला अर्ज तिने काढला, आणि सचिवांना घाम पुसायला दिला. कागद बरा जाड होता.

सचिवांनी दार उघडून लंबूला हाक मारली. हुकूम त्यांनी स्वतःच्या नखांनी खरवडून काढला, कोपरा तेवढा दाराला चिकटून राहिला. सगळी लिहिणारी आत आली. आधी दहा मिनिटं ठरली. मग ती लेखी झाली, कायदा काहीही झाला तरी, कारण आता सचिवांना पक्कं कळलं होतं, की अर्धा तास लिहून थकलेल्या हाताचे सांधे किती सुटतील, आणि ते जुळवत जिना कुणाला चढावा लागेल. मग मंत्र्याचं भाषण सरळ झालं. संध्याकाळी दुरुस्ती वाचली गेली.

विधेयक काही पडलं नाही. थोड्या मतांनी का होईना, मंजूर झालं. नर्सना, शिक्षकांना एकेकट्याने दारात जाऊन उभं राहायची वेळ आली, कारण त्यांच्या कामातला सांधा सुटला तर तो मंत्र्याच्या भाषणात सुटत नाही, दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावर सुटतो. मतमोजणीही टिपणबाईनेच लिहिली. अंगठा शेवटच्या आकड्याला अडायला लागला होता, तेवढ्यात लंबू शेजारी येऊन बसला, पाय तिरके दुमडून. ती उठली.

लेकीच्या सासरी सचिव पुढचा महिनाभर गुडघ्यांना मलम लावत होते, आणि सून विचारत होती, आज चढायचं की उतरायचं?

तर ही अशी गोष्ट. सगळी खरी. कवळी जागच्या जागी आहे, बघा. एवढंच, की मगाशी मी म्हटलं ना, मधले शब्द दोघांपैकी कुणालाच धड टिपता आले नाहीत? ते मी पदरचं घातलं. टिपणबाईने टिपले होते. सगळे.