डोळ्यातली हळद

रोशनीचं लग्न झालं त्या साली, ऐन हळदीच्या दिवशी, तिची वहिनी नवजात बाळाला घेऊन देवळीला घरी आली. आत्या झालेल्या रोशनीनं लाडानं बाळाच्या गालाला हळद लावली. रोशनीच्या आईनं, बाळाच्या कमलाआजीनं, ती पुसली, तरी बाळ पिवळंच. तिनं पापणी उघडून पाहिली आणि नवऱ्याला, प्रेमदासआजोबांना, हाक मारली.

"अजी, डोळ्यात हळद कोण लावते?"

नवरीसकट सारं पिवळं घर दवाखान्यात धडकलं. बाळाला निळ्या उजेडाखाली ठेवलं.

"तांबड्या पेशी लवकर फुटतात, म्हणून कावीळ. दोष घराण्यातून आलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वेळेवर आणलंत, बरं होईल."

सगळ्यांनी प्रेमदासआजोबांच्या जन्माच्या पिवळट डोळ्यांकडे पाहिलं.

"मंग? नातू माह्यावरच जाईन ना," ते ऐटीत म्हणाले.

"नाक तरी माह्यं राहू द्या," कमला म्हणाली, आणि रडता रडता हसत सुटली.

बाळ बरं झालं. प्रेमदास गेल्या वर्षी डिसेंबरात वारले.