मावसभाऊ

मास्तर गेल्याचं मला हॉस्पिटलनं कळवलं नाही. त्याच्या बहिणीनं कळवलं. मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजत आले असतील. मी लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. एका आठ मजली ऑफिसात लिफ्टच्या टपावर बसून दरवाजाचे रोलर बदलत होतो. फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"तुम्ही कुठे आहात?"

"लिफ्टवर."

"असाल तसे या. तो गेला."

उरलेले दोन बोल्ट मी आवळले, कारण त्या लिफ्टनं माणसं जाणार होती. मग हत्यारांची पिशवी उचलली आणि निघालो.

मला हॉस्पिटलचा फोन आला नाही ही चूक माझीच. तेवीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकानं विचारलं, "नातं काय तुमचं?" मी चपलांकडे बघत राहिलो. मास्तर म्हणाला, "मावसभाऊ." खोली मिळाली. तेव्हापासून बँकेत, पोस्टात, शेजारीपाजारी, सगळीकडे आम्ही मावसभाऊ. खालच्या मजल्यावरच्या काकू तर म्हणायच्या, "नाक अगदी एकसारखं आहे हो तुमचं. आजोळचं असणार." वर आल्यावर मास्तर माझं नाक चिमटीत धरून आरशासमोर उभा राहायचा आणि पोट धरून हसायचा.

शुक्रवारी त्याला छातीत दुखायला लागलं म्हणून हॉस्पिटलात नेलं. काउंटरवर फॉर्म भरताना नात्याच्या रकान्यात माझ्या हातानं 'मावसभाऊ' लिहिलं. विचार करून लिहिलं नाही, सवयीनं लिहिलं. तिथला क्लार्क म्हणाला, "सख्खं कोणी नाही का?" मग मी मास्तरच्या फोनमधून त्याच्या बहिणीचा नंबर काढून दिला. मास्तरला हे सांगितलं तेव्हा नाकात नळी असूनही तो हसला.

"लिफ्टवाले, तेवीस वर्षं झाली. आता तरी बढती द्यायची होतीस."

"उद्या बदलून घेतो."

"घे बाबा. नाहीतर मावसभाऊच राहशील."

शनिवार गेला, रविवार गेला, सोमवारही गेला. त्याला बरं वाटायला लागलं होतं, म्हणून मीही काउंटरकडे फिरकलो नाही. मंगळवारी सकाळी तोच म्हणाला, "जा कामावर, इथं बसून माझं डोकं खातोस."

त्याच्या बहिणीबद्दल सांगायला हवं. त्या शाळेच्या हेडमास्तरीण होत्या, आता निवृत्त आहेत. दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना एक कुटुंब म्हणून नोंद करता यावी असा कायदा येणार होता, त्या वर्षी त्यांनी घरोघर फिरून विरोधात सह्या गोळा केल्या. तो कागद घेऊन त्या मास्तरच्या शिंप्याच्या दुकानातही आल्या. मी तिथं बाकावर बसलो होतो. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"सही करशील?" त्यांनी भावाला विचारलं.

मास्तरनं गळ्यातली टेप काढली. "ताई, हात वर कर. थंडी आली, तुझा कोट व्हायचाय."

आणि त्या कागद हातात धरून, दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या. मास्तरनं शांतपणे छाती, कंबर, बाही सगळी मापं घेतली. सही केली नाही, भांडलाही नाही. कायदा झाला नाही. कोट झाला. त्यानंतर त्या दरवर्षी दुकानात यायच्या, पण आमच्या घराची पायरी कधी चढल्या नाहीत. मला त्या 'तो माणूस' म्हणायच्या.

तर अशा बाईंच्या हातात त्या दिवशी सगळं होतं. त्यांनी नको म्हटलं असतं तर मला त्याचं तोंडही बघायला मिळालं नसतं.

मी पोहोचलो तेव्हा त्या काउंटरपाशी उभ्या होत्या. क्लार्कनं मृतदेह ताब्यात घ्यायचा फॉर्म पुढे केला. "बाई, तुम्ही इथं सही करा. मावसभावांनी बाहेर थांबावं."

बाई म्हणाल्या, "आमच्या आईला बहीणच नव्हती. मावसभाऊ कुठून येणार?"

हे वाक्य कोणीतरी कधीतरी बोलणार याची धास्ती मी तेवीस वर्षं घेतली होती. मी काउंटरची कड धरली.

क्लार्कनं मान वर केली. "मग हे कोण?"

"माझा भाऊ तेवीस वर्षं यांच्या घरी राहिला. सही यांची घ्या."

"पण नातं काय लिहू?"

"ते त्यांना विचारा. त्यांच्या वतीनं मी बोलणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सांगा की. मघापासून ते खोळंबलेत."

माझे हात ग्रीसनं काळे झालेले. ते मी पँटला पुसले आणि म्हणालो, "माझा नवरा होता तो."

हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणत होतो. बाईंनी डोळे मिटले. क्लार्क म्हणाला, "असं आमच्यात लिहीत नाहीत."

"रकाना कशासाठी ठेवलाय?" बाईंनी विचारलं. आवाज अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असा. "त्यांनी सांगितलं ना? लिहा."

त्यानं 'मावसभाऊ' खोडलं आणि लिहिलं.

मग त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. "आधी तुम्ही जा. मी आत्ताच बघून आलेय." मी परत आलो तेव्हा त्या बाकड्यावर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. मास्तरनं शिवलेल्या त्यांच्या राखाडी कोटावर ग्रीसचा हाताएवढा डाग पडला होता. मी म्हणालो, डाग निघणार नाही. त्या म्हणाल्या, "नसेल निघत."

आमच्या कंपनीत मावसभावासाठी एक दिवसाची रजा मिळते. ती मी घेतली.

त्यानंतर दुकान आवरायचं होतं. सतरा कपडे अर्धवट पडले होते आणि कोणता कोणाचा हे कळायला मार्ग नव्हता, कारण मास्तर वहीत गिऱ्हाइकाचं नाव कधी लिहायचा नाही. लिहायचा ते असं: 'डावा खांदा उतरलेला.' 'आजच पाहिजे.' 'बारीक झाले म्हणतात, झाले नाहीत.' सलग चार रविवार बाई आल्या. त्या वही वाचायच्या, मी कपडे उलटेपालटे करून बघायचो. त्यांचं स्वतःचं पान सापडलं. वर लिहिलं होतं, 'ताई. हात वर केल्यावर गप्प बसते.' त्या इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. मग बराच वेळ तो परत लावला नाही.

माझंही पान होतं. दर वर्षाची कंबर, एकाखाली एक. शेवटच्या आकड्यापुढे लिहिलं होतं, 'विचारल्यास कमी सांगणे.'

तिसऱ्या रविवारी, एका पँटची उसवलेली पट्टी बघता बघता त्या म्हणाल्या, "माझं मत बदललंय असं समजू नका."

"बरं."

"तो कागद चुकीचा होता असं मी म्हणणार नाही."

"बरं."

"पण तो घेऊन मी इथं यायला नको होतं."

मी म्हणालो, "चहा घेणार का, ताई?" ताई हे तोंडातून निसटलं. त्यांचं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्यात गेलं. ही त्यांनी दुरुस्त केली नाही. म्हणाल्या, "साखर कमी घाला."

त्या सह्यांनी आमचं नुकसान केलं, हे मी विसरलेलो नाही. पण त्या दिवशी काउंटरवर त्यांच्या जागी मी असतो तर एवढं धाडस केलं असतं का, मला माहीत नाही. तेवीस वर्षं मी केलं नव्हतं. मास्तरला मी त्याचा माणूस म्हणून निरोप देऊ शकलो ते या बाईंमुळे. त्यांचे उपकार मी मानतो.

काल सतरावा कपडा पोहोचता केला. तो खालच्या काकूंचा कोट होता, नुसती बटणं लावायची राहिली होती, ती ताईंनी लावली. मी कोट घेऊन गेलो. ताई जिन्यात थांबल्या. काकूंनी कोट छातीशी धरला आणि रडल्या.

"मावसभाऊ असावा तर असा," त्या म्हणाल्या. "सख्ख्यानं केलं नसतं एवढं केलंत हो तुम्ही त्याचं. रोज ताट पाठवीन, नाही म्हणायचं नाही."

मी उंबऱ्यात उभा राहिलो. तोंड उघडलं. "येतो काकू," म्हणालो आणि बाहेर आलो.

जिन्यात ताईंनी विचारलं, "सांगितलंत?"

"नाही."

काकूंना सांगायचं अजून राहिलं आहे.